तीसपैकी चौदा

पनवेल–कर्जत लोकल येणार, हे मी नोकरीत होतो तेव्हापासून ऐकतो आहे. पनवेल, चिखले, मोहोपे, चौक, कर्जत अशी पाच स्टेशनं, वावर्ल्याला अडीच किलोमीटरहून लांब बोगदा आणि दर वर्षी एक नवी तारीख. त्यामुळे डॉक्टरांनी लेकीला तारीख दिली तेव्हा मी ती फारशी मनावर घेतली नाही. तारीख दिली म्हणजे ती गोष्ट त्या दिवशी होतेच असं नाही, एवढं चौकात राहणाऱ्या माणसाला कळतं. नात मात्र दिलेल्या तारखेच्या चार दिवस आधीच आली. रेल्वेला तिच्याकडून शिकण्यासारखं आहे.

पहिलं बाळंतपण माहेरी, या रिवाजाप्रमाणे लेक सातव्या महिन्यात ऐरोलीहून आमच्याकडे आली. तिच्याबरोबर दोन बॅगा आल्या, एक माणसाएवढी लांब उशी आली, आणि मोबाइलमधलं एक अ‍ॅप आलं. हे अ‍ॅप पहिल्या महिन्यापासून दर आठवड्याला बाळाचा आकार फळांत सांगत असे. ‘आज बाळ ब्लूबेरीएवढं आहे,’ असं लेकीने फोनवर कळवलं तेव्हा घरात शांतता पसरली. ब्लूबेरी आमच्या बाजारपेठेत कधी आलेली नाही. हिने थोडा विचार करून त्याचं करवंद केलं. पुढे अ‍ॅव्होकॅडोवर मात्र गाडी अडली. दोन दिवसांनी हिने ‘कैरी, पण तोतापुरी’ असा निकाल दिला, तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं. शेवटी बाळ कलिंगडाला पोचलं आणि भाषांतराची गरज संपली.

तेच अ‍ॅप रोज सकाळी विचारायचं, आज तुम्हाला कसं वाटतंय? खाली पाच तोंडं, खदखदून हसणाऱ्यापासून ढसाढसा रडणाऱ्यापर्यंत. लेक डोळे चोळत चोळत हसरं तोंड दाबायची आणि मोबाइल बाजूला ठेवायची. मी एकदा विचारलं, ‘रात्रभर पाठ दुखत होती म्हणतेस, मग हसरं कसं?’ ती म्हणाली, ‘बाबा, रडकं दाबलं की ते सूचना द्यायला लागतं. पाणी प्या, फेरफटका मारा, आवडतं गाणं ऐका.’

अ‍ॅप घरच्या वळणावर गेलं होतं, असंच म्हणायला हवं. आमचं घर जुन्या मुंबई–पुणे रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर. त्या रस्त्यावर वेग आवरा, वाहने सावकाश हाका अशा पाट्या आहेत, आणि त्या वाचून आजवर एकाही ट्रकने ब्रेक लावलेला मी पाहिलेला नाही. येणारी प्रत्येक बाई लेकीला तसलीच एक पाटी दाखवून जायची, ‘आनंदात राहायचं हं!’ माझी थोरली बहीण, अक्का, कर्जतहून खास एवढंच सांगायला आली. ‘रडायचं नाही. रागवायचं नाही. बातम्या बघायच्या नाहीत. सगळं बाळावर उतरतं.’ म्हणजे बाईचं स्वतःचं म्हणून जे एक दुःख असतं, तेही नऊ महिने बाळाच्या नावावर चढवायचं. सातबाराच म्हणा ना. मूळ मालकीणबाई फक्त वहिवाटदार.

खरं तर आपल्या पूर्वजांना हे आपल्यापेक्षा बरं कळत होतं. डोहाळे हा शब्द आला दौहृदावरून. सुश्रुताने चौथ्या महिन्यातल्या गर्भिणीला दौहृदिनी म्हटलं आहे, म्हणजे दोन हृदयं असलेली. तिची इच्छा मारली तर मूल कुबडं, लंगडं, ठेंगणं होतं अशी धमकीही त्याने देऊन ठेवली आहे. वैद्यकीयदृष्ट्या ती कितपत खरी ते सोडा, पण घरच्यांना कामाला लावायला असली धमकी लागतेच हे त्या माणसाने ओळखलं होतं. पुढे दोन हृदयांचे आपण चिंचा आणि आवळे केले. लेकीला चिंच मिळाली, आवळा मिळाला, भर मे महिन्यात चौक फाट्यावरून गरम वडापाव तीनदा मिळाला. एकदा मात्र ती म्हणाली, ‘मला दोन दिवस कोणीच नको आहे, नुसतं एकटं बसायचंय.’ हा डोहाळा कोणाच्या यादीत नव्हता. हिने तो ऐकला आणि तिला शेवयाची खीर करून दिली.

डोहाळजेवण थाटात झालं. फुलांचे दागिने, धनुष्यबाण, चंद्रकोरीचा झोपाळा, आणि झोपाळ्यावर आठवा लागायच्या बेतात असलेली, घामाने डबडबलेली लेक. नंतर दोन पालथ्या वाट्या आणल्या, एकीखाली पेढा, दुसरीखाली बर्फी. गर्भलिंगनिदानाला १९९४ च्या कायद्याने बंदी आहे, सोनोग्राफीच्या प्रत्येक केंद्रात तसा फलक असतो. वाट्यांना तो कायदा लागू नसावा. लेकीने वाटी उचलली, पेढा निघाला आणि पन्नास बायकांनी टाळ्या पिटल्या. दोन महिन्यांनी नात झाली तेव्हा त्या वाटीला कोणी जाब विचारला नाही. टाळ्या मात्र लेकीच्या लक्षात राहिल्या होत्या. हे मला फार उशिरा समजलं.

नात झाली त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मिळून मला एक्केचाळीस फोन आले. मी जन्मभर कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोंदी ठेवल्या, त्यामुळे लाइट बिलाच्या पाठीवर याही नोंदी ठेवल्या. काय झालं, हा पहिला प्रश्न. वजन किती, हा दुसरा. नॉर्मल की सिझर, हा तिसरा. नाक कोणाचं, हा चौथा, आणि त्याचं उत्तर विचारणाराच देतो. लेक कशी आहे, असं तिघांनी विचारलं. त्यांतल्या दोघींना टाक्यांची चौकशी करायची होती. तिसरा राँग नंबर होता. पार्सलवाला पोरगा पत्ता विचारत होता. मी आनंदाच्या भरात त्यालाही बातमी सांगितली, तर म्हणाला, ‘अरे वा काका! ताई बऱ्या आहेत ना?’

मग सव्वा महिन्याची खोली सुरू झाली. ज्याने ती पाहिली नाही त्याला सांगून कळणार नाही. मधे बाज, बाजेखाली शेगडी, शेगडीत ओवा आणि बाळंतशेपा, खिडकीला जाड चादर. बाजेवर लेक, डोक्याला रुमाल, कानात कापूस. बाहेर खालापूरचा जुलै. आमच्याकडचा पाऊस उभा पडत नाही, घरात राहायला येतो. लंगोट वाळण्याचा प्रश्नच नाही. दुसऱ्या शेगडीवर दुरडी पालथी घालून त्यावर लंगोट आणि दुपटी वाळत घातलेली, शिवाय माझ्या खुर्चीवर, पंख्याला, देव्हाऱ्याच्या दांडीला आणि एकदा तर माझ्या खांद्यावर, मी वर्तमानपत्र वाचत स्थिर बसलो होतो म्हणून. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, काढा यांचं वेळापत्रक अक्काकडे. बाळाचं अंग चोळणं, टाळू भरणं, धुरी देणं हिच्याकडे. सहाणेवर गुटीचे वेढे किती द्यायचे यावर दोघींचा वाद, आणि गुटी देऊच नका असं बाळाच्या डॉक्टरांनी सांगितलेलं असल्यामुळे त्या वादात तिसरी बाजू. अधूनमधून विहीणबाई यायच्या तेव्हा चौथी.

या चार बाजूंच्या मधोमध जी बसलेली होती तिला कोणी काही विचारत नव्हतं, असं मात्र नाही. दिवसभर विचारत होते. दूध आलं का? पुरतं का? पाठ शेकलीस का? लाडू खाल्लास का? पोट साफ झालं का? एवढी विचारपूस तर पंतप्रधानांचीही होत नसेल. फक्त एकही प्रश्न गळ्याच्या वर जात नव्हता.

खिडकीची चादर सारून मी कधी कधी माथेरानच्या डोंगराकडे बघत बसतो. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याचा मुक्काम इथे चौकला होता. डोंगर बघून त्याला वर जाऊन यावंसं वाटलं. गेला, आणि माथेरान त्याच्या नावावर लागलं. पुस्तकात याला शोध म्हणतात. मला आपलं वाटतं, मे महिन्यातल्या चौकात साहेबाचा जीव घुसमटला असणार. त्याला हवापालट करावासा वाटला तर त्यातून थंड हवेचं ठिकाण निघालं. आमच्या लेकीला विसाव्या दिवशी नुसतं ओटीवर येऊन पाऊस बघावासा वाटला, तर त्यातून अक्काचा दोन तासांचा उपदेश निघाला.

रडू तसं चौथ्या दिवशीच आलं होतं. दुधाबरोबरच आलं. हे काही नवलाचं नाही, बहुतेक जणींना पहिल्या आठवड्यात असं भरून येतं. बाळ होताच अंगातली संप्रेरकं धाडकन उतरतात, झोप मोडलेली असते, आणि दोनेक आठवड्यांत ते आपोआप निवतं. त्याहून लांबलं, वाढलं, तर मात्र डॉक्टरांना सांगायचं असतं. हे मला आज ठाऊक आहे. त्या दिवशी घरात एकच निदान झालं, दृष्ट. मीठ, मोहरी, मिरच्या उतरवून शेगडीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका आला नाही म्हणजे दृष्ट जबरदस्त, असं शास्त्र आहे. ठसका आला नाही. मग ती लावली कोणी याची चौकशी सुरू झाली, आणि डोहाळजेवणाला आलेल्या पन्नास बायका एकेक करून संशयितांच्या यादीत गेल्या. या तपासात घर इतकं रंगलं की लेक अजून रडतेच आहे, हे विसरायला झालं.

तिसऱ्या आठवड्यात रडू थांबलं. आम्ही खूश झालो. त्या जागी काय आलं ते सांगणं अवघड आहे. ती बाळाला पाजायची, बदलायची, थोपटायची, सगळं बिनचूक, रात्रपाळीच्या कामगारासारखं. बाळ झोपलं तरी ती जागी. भिंतीकडे बघत. ‘काय गं?’ म्हटलं की ‘काही नाही.’

एकविसाव्या दिवशी आशाताई आल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असलं तरी आशा कार्यकर्तीने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी यायचं असतं, बाळाचं वजन करायचं, ताप बघायचा. ही पद्धत आपल्याच गडचिरोलीतून निघाली. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी खेड्यातल्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं, त्याने बालमृत्यू किती घटले ते १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, आणि मग देशभराच्या आशांच्या पिशवीत वजनकाटा आला. आमच्या आशाताई भिजून आल्या होत्या. बाळाला झोळीत घालून वजन केलं, वहीत लिहिलं, आणि वही मिटता मिटता लेकीला म्हणाल्या, ‘ताई, बाळ झोपल्यावर तरी तुला झोप लागते का?’

लेक बोलली नाही. अक्का म्हणाली, ‘लागते की.’ विहीणबाई म्हणाल्या, ‘दुपारी चांगली वीस मिनिटं झोपते.’ ही म्हणाली, ‘आता बाळंतिणीला कसली आली झोप!’ आशाताईंनी तिन्ही उत्तरं ऐकून घेतली आणि लेकीकडेच बघत राहिल्या. नंतर छत्री उघडता उघडता ओटीवर मला म्हणाल्या, ‘काका, तिच्याकडे लक्ष ठेवा. डॉक्टरांना एकदा दाखवा.’ मी विचारलं, काय झालंय? त्या म्हणाल्या, ‘मी काय सांगू? मला ती बोललीच नाही. तुम्हीच सगळे बोललात.’

मी जावयाला फोन केला. जावईबापू कॉम्प्युटरवाले. त्यांनी तासाभरात मोबाइलवर एक प्रश्नावली पाठवली. एडिनबरोच्या नावाची आहे. १९८७ साली कॉक्स, होल्डन आणि सॅगॉव्स्की या तिघांनी केली. प्रश्न दहा, गेल्या सात दिवसांत कसं वाटलं एवढंच विचारायचं, प्रत्येकाला चार पर्याय, शून्य ते तीन गुण, एकूण तीस. हिच्यावरून आजार ठरत नाही, डॉक्टरांकडे जावं की नाही एवढं कळतं. प्रश्न वाचायला मला चष्मा लागला, आणि चष्मा लावून मी बाजेसमोर बसलो म्हटल्यावर मला काय झालंय ते बघायला सगळं घर जमलं. वास्तविक ही प्रश्नावली बाईने एकटीने सोडवायची असते, दुसऱ्याशी बोलून नाही. पण एडिनबरोत एकत्र कुटुंब नसावं.

गेल्या आठवड्यात नेहमीसारखं हसू आलं का, असा पहिला प्रश्न. अक्का म्हणाली, ‘टाके ओले असताना हसू नये.’

पुढे येणाऱ्या गोष्टींची उत्सुकता वाटते का? ‘रविवारी बारसं आहे,’ विहीणबाई दुखावल्या. ‘उत्सुकता नसायला काय झालं?’

काही बिघडलं की उगाच स्वतःला दोष देता का? ‘दूध कमी पडलं तर दुसऱ्या कोणाला देणार दोष?’ ही म्हणाली. तिने हे मायेने म्हटलं होतं, ते लेकीला आणि मला कळलं. कळून उपयोग नव्हता.

मग एक प्रश्न आला, विनाकारण भीती वाटते का? इथे मी थांबलो. एडिनबरोच्या कागदावर विनाकारण हा शब्द ठीक आहे. आमच्या मागे इर्शाळगड आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री असाच पाऊस कोसळत होता आणि इर्शाळवाडी दरडीखाली गेली. जुलैतल्या रात्री पत्र्यावर तो आवाज ऐकत पोर छातीशी धरून बसलेल्या बाईची भीती सकारण म्हणायची की विनाकारण? या प्रश्नाला घरातलं कोणी उत्तर दिलं नाही. अक्काही गप्प होती.

दहावा प्रश्न मी मोठ्याने वाचला नाही. तो स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी असतो. मी मोबाइल लेकीच्या हातात दिला आणि म्हटलं, ‘तूच सोडव बाई, चष्म्याचा नंबर वाढलाय.’ ती मोबाइल घेऊन न्हाणीघरात गेली. आमच्या सहा खोल्यांच्या घरात बाळंतिणीला आतून कडी लावता येईल अशी तेवढी एकच जागा आहे. पंधरा मिनिटांनी बाहेर आली आणि तिने मोबाइल माझ्या हातात ठेवला. दहाव्या प्रश्नाला शून्य होतं. मी आधी तेच पाहिलं. बेरीज चौदा.

‘तीसपैकी चौदा?’ हिने डोकावून विचारलं. ‘म्हणजे पास ना?’

पस्तीस टक्क्यांच्या हिशेबाने पास, आरामात. पण या परीक्षेत जेवढे कमी मार्क तेवढं बरं, आणि साधारण तेरा किंवा त्याहून वर गेलं तर डॉक्टरांना भेटायचं, असं जावयाने खाली लिहिलं होतं. हे हिला पटवायला मला अर्धा तास लागला. आमच्या घरात जास्त मार्क पडल्याबद्दल वाईट वाटून घ्यायची पहिलीच वेळ.

त्या रात्री भांडी घासता घासता ही म्हणाली, ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं.’ मी हो म्हटलं. थोड्या वेळाने नळ बंद करून म्हणाली, ‘नव्हतं म्हणजे, असं विचारायला काही नव्हतं.’ मग हळूहळू बाहेर आलं. एकतीस वर्षांपूर्वी लेकीला घेऊन ती माहेरहून तिसऱ्या महिन्यात चौकला परत आली, त्यानंतर कितीतरी दिवस ती रोज पहाटे रडायची. न्हाणीघरात, बंब पेटवायच्या वेळी. डोळे लाल दिसले तर धुराने झाले म्हणता येतं.

मला ते लाल डोळे आठवत होते. तेव्हा मला वाटलं होतं, लाकडं ओली येतात. मी वखारीत जाऊन भांडून आलो होतो. पुढच्या खेपेला चांगली सुकी बाभूळ आणून टाकली आणि विचारलं होतं, ‘आता होतो का धूर?’ ही म्हणाली होती, ‘थोडा होतो.’

‘मग मला सांगितलं का नाहीस?’ मी आता विचारलं.

‘काय सांगणार? तुम्ही लाकडं आणलीत की.’

डॉक्टरांकडे आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो. तिथलं सगळं इथे लिहीत नाही, ते लेकीचं आहे. गोळी लगेच दिली नाही. बोलायला एक बाई गाठून दिल्या, झोप मिळालीच पाहिजे असं घरच्यांना दमात सांगितलं, आणि रात्री-अपरात्री वाटलं तर १४४१६ वर फोन करा म्हणाले. ही टेलि-मानस नावाची सरकारी सेवा, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात. एका संध्याकाळी लेकीने दार लोटून त्यावर चाळीस मिनिटं बोलणं केलं. अक्का दारापाशी घुटमळत होती. ‘कोणाशी एवढी बोलतेय?’

‘सरकारशी,’ मी म्हटलं.

‘एवढा वेळ सरकार ऐकून घेतं?’ अक्काला खरोखरच आश्चर्य वाटलं. नंतर दोनदा तिने तो नंबर माझ्याकडून लिहून घेतला. दुसऱ्यांदा, पहिला कागद हरवला म्हणून.

जावयाने मला एक अभ्यासही वाचायला पाठवला होता. गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला, २००२ साली छापलेला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी तिथल्या २३ टक्के आयांना नैराश्य होतं, त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनीही त्यातून बाहेर आल्या नव्हत्या. आणि बहुतेकींचं मन गरोदरपणातच ढासळलं होतं, तेव्हाच, जेव्हा आपण वाट्या पालथ्या घालत असतो. मुलगी झाली की घरातल्या बाकीच्या अडचणी आईला जास्त जड जातात, असंही त्यात निघालं. ते वाचून मी बर्फीचा उरलेला पुडा घेतला आणि आधी फक्त चहा दिलेल्या चार घरांत वाटून आलो. कोणाला काय त्याचं, पण मला बरं वाटलं. गोव्यात पुढे याच्यावर उपायही करून पाहिला. पदवीबिदवी नसलेल्या, स्वतः आया असलेल्या गावातल्याच बायका घरी जाऊन गरोदर बाईशी बोलत बसायच्या. त्याने फरक पडला, फार मोठा नाही, पण पडला, असं २०१९ साली जाहीर झालं. मी हे अक्काला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘मग मी काय वेगळं करते?’ मी म्हटलं, ‘त्या ऐकतात.’ दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. एका अर्थी तिनेही प्रयोग सुरू केला असं म्हणता येईल.

जावईबापूंबद्दल एवढंच, की केंद्र सरकारच्या नोकराला बाप झाल्यावर पंधरा दिवस रजा मिळते, आणि जावईबापू केंद्र सरकारचे नोकर नाहीत. शुक्रवारी रात्री यायचे, रविवारी रात्री जायचे. आल्यावर पाहुण्यासारखे ओटीवर बसवले जायचे, त्यांच्या हातात पोर दिली की चार बायका आठ हात पुढे करून उभ्या राहायच्या, पडेल म्हणून. एका रविवारी ते मला म्हणाले, ‘बाबा, ती प्रश्नावली मीही भरून बघितली.’ मी विचारलं, किती? ते म्हणाले, ‘अकरा. पण ती आयांसाठी आहे.’ मग आम्ही दोघं बराच वेळ पाऊस बघत बसलो. मीही भरली होती. माझे आले नऊ, त्यांतले तीन अक्कामुळे.

माझ्यापुरतं म्हणाल तर या सगळ्यात मला एक काम मिळालं. बाळंतपणाच्या घरात निवृत्त पुरुषाइतकं अडगळीचं दुसरं काही नसतं, देव्हाऱ्याच्या दांडीवर निदान लंगोट तरी वाळतात. पण म्हाताऱ्या माणसाला पहाटे तीनला जाग येते, आणि बाळालाही तीनलाच येते. डॉक्टरांनी झोप म्हटल्यावर मी अर्ज केला. अक्काचा विरोध होता. हिचाही होता, मला पोर नीट धरता येत नाही म्हणून. ‘स्वतःची कधी धरली होती का?’ या प्रश्नावर मी मुदत मागून घेतली. शेवटी लेकीनेच निकाल दिला. ‘बाबांकडे द्या. ते काही विचारत नाहीत.’

तेव्हापासून तीनच्या पाजण्यानंतर नात माझ्याकडे असते. आम्ही ओटीवर बसतो. ढेकर निघेपर्यंत मी तिला खांद्यावर धरतो, त्यानंतर आम्हाला एकमेकांकडून काही अपेक्षा नसतात. जुन्या रस्त्यावरून ट्रक जातात, स्टेशनकडून मालगाडीचा आवाज येतो, तेव्हा मी तिला सांगतो की ही लोकल नव्हे, ती यायची आहे. पंधरा दिवसांनी लेकीने पुन्हा प्रश्न सोडवले, तेव्हा बेरीज नऊ होती. हिने विचारलं, ‘कमी झाले, म्हणजे चांगलं ना?’ आणि माझ्याकडे बघून खात्री करून घेतली.

परवा पाच वाजता ही बाहेर आली. आधी मला वाटलं, पोरीच्या डोक्यावर कुंची नाही म्हणून बोलणी बसणार. कुंची नव्हतीच, माझ्या मांडीखाली होती. पण ही काही बोलली नाही, शेजारी येऊन बसली. पाऊस थांबला होता. आतून घोरण्याचा आवाज येत होता, चांगला मोठा, माझ्या वळणावर गेलेला.

‘किती वेळ झाला?’ हिने विचारलं.

‘दोन तासांवर गेले.’

‘मग हळू बोला,’ ही म्हणाली.